साडेअकरा पौंडांचा हिशेब

परदेशी सुखाने राहावयास मनुष्याची प्राप्ती किती असावी, हा प्रश्न हल्ली बडोद्यातील मराठी घरांतून जितक्या वेळा ऐकू येतो तितका दुसरा कोणताही प्रश्न क्वचितच ऐकू येत असेल. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, देवळात आरती आटोपल्यावर सभामंडपात माणसे जी घटकाभर रेंगाळतात त्या वेळात, लग्नाच्या पंगतीत, किंबहुना स्मशानातून परतताना वाटेवरसुद्धा, कोणाचा मुलगा कॅनडास निघाला, कोणाची मुलगी इंग्लंडात पोहोचली आणि तेथे महिना काठी किती लागतात, याची चर्चा चाललेली असते. विचारणारा आकडा मागतो. सांगणाराही आकडाच सांगतो. एकाच्या आकड्यास दुसरा हसतो, तिसरा तो दुप्पट करून सांगतो, आणि चौथा, ज्याचा मुलगा तिकडे जाऊन चार वर्षे झाली आहेत, तो काहीच बोलत नाही.

या प्रश्नातील ‘किती’ हा शब्द गणिताचा आहे. परंतु ‘सुखाने’ हा शब्द गणिताचा नव्हे. तो धर्माचा आणि नीतीचा आहे. म्हणून या पृष्ठांतून त्याचा विचार करणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

महाभारताच्या वनपर्वात यक्षाने धर्मराजास जे प्रश्न विचारले त्यांत सुखी कोण, हाही एक प्रश्न आहे. धर्मराजाने दिलेले उत्तर मोठे साधे आहे. ज्याच्या डोक्यावर ऋण नाही, ज्याला घर सोडून परमुलखी राहावे लागत नाही, आणि जो दिवस कलल्यावर का होईना पण आपल्याच घरी भाजीपाला शिजवून खातो, तो सुखी. कीर्तनकार हा प्रसंग सांगतात तेव्हा श्रोते माना डोलावतात, आणि घरी जाऊन मुलाच्या शिक्षणासाठी बँकेकडून कर्ज काढण्याचे कागद भरावयास बसतात. म्हणजे धर्मराजाच्या सुखाच्या व्याख्येत जी दोन वैगुण्ये टाळावयास सांगितली आहेत, ऋण आणि प्रवास, त्या दोहोंपासूनच आमच्या मुलांच्या सुखाचा आरंभ होतो! यात आम्ही कोणास दोष देत नाही. एक गोष्ट मात्र बहुधा लक्षात घेतली जात नाही. हे उत्तर देणारा धर्मराज त्या वेळी स्वतः बारा वर्षांच्या वनवासात होता, चारही भाऊ समोर निश्चेष्ट पडले होते, आणि अज्ञातवासाचे वर्ष पुढे उभे होते. घर सुटलेल्या माणसाने केलेली ती सुखाची व्याख्या आहे. घरात बसलेल्यास ती तशी सुचली नसती.

आता आकड्यांकडे वळू. सुखास किती लागते याचे उत्तर परराष्ट्रांची सरकारे हल्ली स्वतःच देऊ लागली आहेत. कॅनडाच्या सरकारने तेथे शिकावयास येणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याने, विद्यापीठाची फी व प्रवासखर्च सोडून, एका वर्षाच्या निर्वाहासाठी १०,००० डॉलर दाखवावेत असा नियम ठेवला होता. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांपासून तो आकडा तसाच होता. दोन दशकांत भाडे वाढले, धान्य वाढले, आकडा हलला नाही. मग १ जानेवारी २०२४ पासून तो एकदम २०,६३५ झाला, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. येथे वाचकांनी थोडे थांबावे. २०,६३५ हा आकडा काढला कसा? त्या देशात अल्प उत्पन्नाची म्हणून जी एक रेषा सरकारने आखली आहे, तिच्या तीन चतुर्थांश इतका तो धरला. म्हणजे तेथील दरिद्री गणल्या जाणाऱ्या माणसाच्या बाराआणे! हा सुखाचा आकडा नव्हे. ‘आमच्यावर भार पडणार नाही ना?’ एवढीच त्या सरकारची पृच्छा आहे, आणि सरकार या नात्याने ती गैर म्हणता येणार नाही. परंतु आमच्याकडील बापमंडळी त्याच आकड्यास सुखाचा आकडा समजतात, तो बँकेत दाखवितात आणि निश्चिंत होतात, ही मात्र फसगत आहे. ज्या मुलांनी १०,००० डॉलरांच्या भरवशावर प्रयाण केले, त्यांतील कित्येकांनी तेथे एका खोलीत चार-चार, पाच-पाच जणांनी राहून ती फसगत निस्तरली.

इंग्लंडात तर याहून नाजूक प्रकार आहे. तेथील रहिवाशाने परदेशातून आपली पत्नी वा पती आणावयाचा तर त्याची वार्षिक प्राप्ती पूर्वी १८,६०० पौंड असावी लागे; ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड असावी लागते. २९,००० मिळविणाऱ्यास सहधर्मचारिणीसह संसार करण्याचा अधिकार, २८,००० मिळविणाऱ्यास नाही. आमच्या धर्मशास्त्रांनी विवाहाला अनेक अटी घातल्या, त्यांतील पुष्कळशा आज कोणास पटणार नाहीत. परंतु पत्नीसह राहण्यास प्राप्तीचा असा एक आकडा त्यांनाही सुचला नव्हता.

परंतु हा हिशेब नवा आहे असे कोणी समजू नये. खुद्द बडोद्यात तो एकशे दहाहून अधिक वर्षांपूर्वी मांडला गेला, आणि त्याचे उत्तर कागदावर लिहिलेले आहे : दरमहा साडेअकरा पौंड. ४ जून १९१३ रोजी भीमराव रामजी आंबेडकर या बावीस वर्षांच्या तरुणाने बडोदे संस्थानाशी करार केला. संस्थानाने त्यास अमेरिकेत न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे शिकण्यासाठी दरमहा ११ पौंड १० शिलिंग द्यावयाचे, आणि त्याने परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावयाची, असे ठरले. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी यापूर्वीही, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असता, त्यास दरमहा २५ रुपये दिले होते. महाराजांच्या औदार्याबद्दल दुमत होण्याचे कारणच नाही. १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा हा राजा. त्या काळी असे दुसरे उदाहरण हिंदुस्थानात नव्हते.

आता हे साडेअकरा पौंड म्हणजे किती? त्या वेळी रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स होता, म्हणजे एका पौंडास पंधरा रुपये. त्या हिशेबाने दरमहा १७२ रुपये ८ आणे झाले. बडोद्यातून पाहिले तर हा बऱ्यापैकी हुद्देदाराचा पगार होय. अरविंद घोष चौदा वर्षे इंग्लंडात काढून १८९३ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले तेव्हा त्यांचा आरंभीचा पगार २०० रुपये होता, आणि सनदी नोकरीच्या तोडीचा मनुष्य दोनशे रुपयांत मिळाला म्हणून महाराज खूष होते, अशी आठवण अरविंदबाबूंनीच सांगितली आहे. (हेच अरविंदबाबू १९०६ साली बडोद्याचा साडेसातशेच्या घरातील पगार सोडून कलकत्त्याच्या राष्ट्रीय कॉलेजात दीडशे रुपयांवर गेले. पुरेसे किती, या प्रश्नाचे हेही एक उत्तर बडोद्याने पाहिलेले आहे. पण ते सर्वांस झेपणारे नव्हे.) तेच साडेअकरा पौंड न्यूयॉर्कातून पाहिले तर सुमारे छप्पन्न डॉलर होतात. म्हणजे दिवसाला दोन डॉलरांच्याही आत, आणि त्यांत खोली, जेवण, कपडे, धुलाई, कागद, पुस्तके. रक्कम तीच, बडोद्यात तीवर एखादे कुटुंब नोकरमाणसासह राहिले असते, आणि न्यूयॉर्कात तीवर एका विद्यार्थ्याची ओढाताण होत होती. एका देशाचे नाणे दुसऱ्या देशात नेले की त्याचा भाव बाजारातील विनिमयावरून ठरवू नये, त्यात तेथे किती धान्य, किती छप्पर, किती वस्त्र येते यावरून ठरवावा, या विचारास स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुस्टाव्ह कासेल यांनी १९१८ साली शास्त्रीय नाव दिले. आमच्या गृहिणींस हे पूर्वीच ठाऊक होते. मुलाने तिकडून पाठविलेल्या पगाराच्या आकड्यास रुपयांनी गुणून शेजारीपाजारी सांगत सुटतात ते बहुधा पुरुषच असतात.

काटकसरीने माणूस किती खाली उतरू शकतो, याचीही नोंद आहे. मोहनदास गांधी १८८८ ते १८९१ या काळात लंडनात बॅरिस्टरी शिकत असता, आरंभीचा थाटमाट सोडून, एका खोलीत शेगडीवर सकाळी ओटची लापशी, दुपारी बाहेर जेवण आणि रात्री पाव व कोको, अशा क्रमाने दिवसाला १ शिलिंग ३ पेन्समध्ये निर्वाह करू लागले, असे त्यांच्या आत्मकथेत आहे. महिन्याचे ते दोन पौंडांच्याही आत होते. मग आंबेडकरांस साडेअकरा पौंड असता ओढाताण का व्हावी? न्यूयॉर्क लंडनपेक्षा महाग, हे एक कारण. मध्ये पंचवीस वर्षे लोटली होती, हे दुसरे. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांची सुटका नसे, हे तिसरे. पण मुख्य कारण निराळेच होते. त्या साडेअकरा पौंडांतून मुंबईस घरी पैसे पाठवावे लागत. वडील २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले होते, आणि घरची जबाबदारी परदेशी गेलेल्या या मुलावर होती. महाराजांनी एका विद्यार्थ्याचा हिशेब करून रक्कम ठरविली. परंतु जहाजात चढला तो एकटा विद्यार्थी नव्हता, त्याच्यामागे एक कुटुंब न चढताही चढलेले होते.

परदेशी सुखाने राहावयास किती लागते, या प्रश्नात ‘कोणास’ हा शब्द गाळलेला असतो. हिशेब मांडणारा असे धरून चालतो की जाणारा मनुष्य म्हणजे एक पोट, एक अंथरूण, एक कोट. वस्तुतः आमच्याकडून जो जातो त्याच्या ताटात घरच्या सर्वांचे घास असतात. बहिणीचे लग्न, बापाचे औषध, गावच्या घराची कौले, कुलदेवाच्या पालखीची वर्गणी, हे सारे त्याच्या सुखाच्या आत आहे, बाहेर नाही. ते न करता त्यास सुख होणार नाही; आणि ते करताना त्याचे तेथील सुख कमी होते. कोणत्याही सरकारच्या आकड्यात हा रकाना नसतो. आई-बापांच्याही हिशेबात तो नसतो, कारण घेणारे तेच असतात. आमचे म्हणणे असे की जाण्यापूर्वी घरात बसून हा रकाना उघडपणे भरावा. ‘तू काही पाठवू नकोस हो, सुखी राहा’ असे तोंडाने म्हणून मनात वाट पाहत बसणे, यापरीस ‘इतके लागतील’ असे सांगणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे. संकोचाने न बोललेल्या रकमेइतके जड कर्ज दुसरे नसते.

आणि रक्कम ठरली तरी ती ठरलेली राहते असे नाही. आंबेडकर १९२० साली पुनश्च लंडनास गेले ते कोणाच्या शिष्यवृत्तीवर नव्हे. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकी करून त्यांनी काही शिल्लक टाकली होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १,५०० रुपये दिले. आणि नवल भाथेना या पारशी मित्राने ५,००० रुपये कर्जाऊ देण्याचे मान्य केले. त्या वर्षाच्या आरंभी रुपयाचा भाव चढत चढत दोन शिलिंगांच्याही पलीकडे गेला होता. पुढल्याच वर्षी तो घसरून १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली आला. दोन शिलिंगांच्या भावाने १,५०० रुपयांचे १५० पौंड होतात, १ शिलिंग ४ पेन्सच्या भावाने शंभरच. माणसाने काहीही केले नाही, एक दिवस आळस केला नाही, एक पेनी उधळली नाही, तरी त्याचे पन्नास पौंड गेले! लंडनच्या विद्यापीठासाठी या विद्यार्थ्याने जो प्रबंध लिहिला आणि जो १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्याचा विषय रुपयाचा प्रश्न हाच होता, हे वाचकांस ठाऊक असेलच. ज्याच्या जेवणाच्या ताटात विनिमयाचा दर रोज येऊन बसतो, त्याने त्या दराचे मूळ शोधावे यात नवल नाही.

येथवर आम्ही सुख या शब्दाचा अर्थ निर्वाह असाच धरला. परंतु निर्वाह म्हणजे सुख नव्हे, हे कोणीही सांगेल. मग या दोहोंत अंतर कशाचे? उपभोगाचे, असे सामान्यतः मानतात : मोठे घर, मोटार, सुटीत प्रवास. आम्हांस तसे वाटत नाही. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक उदाहरण दिले आहे. तागाचा सदरा ही काही जीवनास आवश्यक वस्तू नव्हे, प्राचीन ग्रीक व रोमन लोकांचे त्यावाचून उत्तम चालले. परंतु त्याच्या काळच्या युरोपात रोजंदारीवरील मजुरासही तागाच्या सदऱ्याशिवाय चारचौघांत जाण्याची लाज वाटे, म्हणून तो सदरा आवश्यक वस्तूंत गणला पाहिजे. म्हणजे आवश्यक काय आणि चैन काय, हे शरीर ठरवीत नाही, चारचौघे ठरवितात. मनुष्यास सुखाने राहण्यास जे लागते त्याचा मोठा वाटा, खाली मान न घालता लोकांत वावरता यावे, यासाठी लागतो. परदेशी गेलेला मुलगा जाड कोट घेतो तो थंडीसाठी. पण विशिष्ट कोट घेतो तो लाजेसाठी. आई येथून म्हणते, एवढा महाग कोट कशाला? तिचेही खरे, त्याचेही खरे.

लाज टाळण्यास पैसा लागतो, हे स्मिथने दाखविले. परंतु पैसा असूनही जी टळत नाही अशी एक लाज असते. तिची गोष्ट बडोद्याचीच आहे.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर आंबेडकर १९१७ साली हिंदुस्थानात परतले. त्यांचे सामानसुमान व पुस्तके ज्या जहाजाने येत होती ते महायुद्धात बुडविले गेले. त्याची जी भरपाई मिळाली तीच घरखर्चास व बडोद्याच्या प्रवासास उपयोगी पडली. करारान्वये दहा वर्षे नोकरी करावयास ते बडोद्यास आले. कोलंबियाची पदवी घेतलेला अर्थशास्त्रज्ञ, संस्थानाचा नियुक्त मनुष्य. खिशात पैसे होते, पुढे पगार मिळावयाचा होता. त्यांस पाहिजे होती एक खोली. हिंदू खाणावळीत प्रवेश मिळणार नाही हे त्यांस ठाऊक होते. एका पारशी धर्मशाळेत रखवालदाराने रोज दीड रुपयावर खाणे व राहणे द्यावयाचे कबूल केले. परंतु ती जागा पारश्यांपुरती असल्याने नोंदवहीत पारशी नाव लिहावे लागले. वरच्या मजल्यावरील अडगळीच्या एका मोठ्या दालनाशेजारी, वीज नाही, धड दिवा नाही, एका लहानशा कंदिलाच्या उजेडात त्यांनी रात्री काढल्या. अकराव्या दिवशी सकाळी दहाबारा पारशी काठ्या घेऊन आले, आणि सायंकाळच्या आत जागा सोडण्याचे फर्मावून गेले. मग त्यांनी दोन मित्रांकडे आसरा विचारला, एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले की तुम्ही आलात तर माझी नोकरमाणसे निघून जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नीवर ढकलले. मुंबईची गाडी रात्री नऊ वाजता होती. तोवरचे पाच तास त्यांनी कमाठी बागेत, म्हणजे ज्यास आपण आज सयाजी बाग म्हणतो तेथे, बसून काढले. ही सारी हकीकत त्यांनी पुढे १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहून ठेवली, आणि तिचे शीर्षक आहे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. व्हिसाची वाट पाहताना!

बडोद्याच्या ज्या रस्त्यांवर आज व्हिसा मिळवून देणाऱ्यांच्या पाट्या दर शंभर पावलांवर लटकत आहेत, त्याच शहरातील एका अनुभवास एका अर्थशास्त्रज्ञाने हे नाव दिले. न्यूयॉर्कात त्यांस व्हिसाची आवश्यकता भासली नाही, बडोद्यात भासली. न्यूयॉर्कात साडेअकरा पौंडांत ओढाताण होती, पण खोली होती, वाचनालय होते, मित्रांसह एका मेजावर जेवण होते. बडोद्यात पैसा होता, आणि तो पैसा घ्यावयास कोणी तयार नव्हते. ज्या मुलखात आपले पैसे चालत नाहीत तो परमुलूख, ही व्याख्या खरी मानली तर त्यांच्यापुरता परमुलूख कोणता होता, हे सांगावयास नको.

आता संस्थानाच्या बाजूने हिशेब पाहा. तीन वर्षांचे छत्तीस महिने, दरमहा साडेअकरा पौंड, एकूण ४१४ पौंड; पंधराच्या भावाने ६,२१० रुपये. इतका खर्च करून संस्थानाने दहा वर्षांची सेवा विकत घेतली होती. राजा उदार होता, करार पक्का होता, नोकरी तयार होती. आणि महिना पंचेचाळीस रुपयांची एक जागा शहराने दिली नाही म्हणून ते सगळे वाया गेले. राजाच्या खजिन्यात जे होते ते त्याने दिले. पण शेजार हा खजिन्यात नसतो. तो लोकांजवळ असतो, आणि त्यांनी तो दिला नाही.

यावर कोणी म्हणेल की ते दिवस गेले. १९५० च्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ते खरे आहे, आणि ते कलम ज्या समितीच्या मसुद्यातून आले तिचे अध्यक्ष तेच गृहस्थ होते. दुसरा कोणी म्हणेल की आपल्या घरात कोणास भाडेकरू ठेवावे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. घरात मांसमच्छी नको, उशिरापर्यंत जागरण नको, असे म्हणण्याचा मालकास अधिकार नाही काय? (मासळीचा प्रश्न गोमंतकीय वाचकांनी फार ताणू नये हे बरे!) अधिकार आहे. घराचा नियम सांगणे निराळे. नियम कोणताही असो, आधी आडनाव विचारावयाचे आणि ते ऐकल्यावर जागा कालच गेली म्हणावयाचे, हे मात्र निराळे. पहिल्यात माणसास निवड असते. दुसऱ्यात त्याचे उत्तर जन्माच्या वेळीच देऊन झालेले असते. हाच प्रकार आमच्या मुलांच्या वाट्यास टोरांटोत किंवा लंडनात आला, दूरध्वनीवर नाव सांगताच खोली भरली आहे असे उत्तर आले, म्हणजे आम्ही येथे संतापतो. तो संताप रास्त आहे. परंतु आमच्या गल्लीत तोच प्रकार घडतो तेव्हा आम्ही त्यास रीत म्हणतो.

आम्हांस येथे आपल्याच समाजाचे एक स्मरण द्यावेसे वाटते. बडोद्यातील मराठी माणसे तरी मूळची येथली कोठे? गायकवाड घराणे पुणे प्रांतातील दावडीचे. १७३४ साली बडोदे त्यांच्या हाती कायमचे आले आणि त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, भिक्षुक, हरदास आले. सयाजीराव महाराज स्वतः नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे. १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले आणि ही मंडळी आपल्या ओसरीवरून न हलता परराज्यात गेली. आणि या मासिकाचे जे वाचक गोमंतकातील देवस्थानांचे महाजन वा कुळावी आहेत, त्यांच्या बाबतीत तर देवांनीच परगाव पत्करलेला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडावयास आरंभ केला तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. रात्रीच्या अंधारात मूर्ती घेऊन नदी ओलांडणाऱ्या त्या लोकांजवळ पलीकडे किती महिन्यांचा निर्वाह होईल याचा दाखला नव्हता. अंत्रुज महाल पोर्तुगीजांच्या अंमलाबाहेर होता एवढाच त्यांचा हिशेब. तेथे गावकऱ्यांनी जागा दिली, झाडाखाली म्हणा, खोपीत म्हणा. देवळे मागाहून झाली. कोकणीत ‘आमचो’ आणि ‘भायलो’ हे दोन शब्द आम्ही सहज वापरतो. प्रियोळात त्या दिवशी आमचा देवच भायलो होता.

तर मग विचारणाऱ्यास आकडा सांगावयाचा की नाही? सांगावा. खोलीचे भाडे, अन्न, ऊब, जाण्यायेण्याचा खर्च, आजारपण, आणि सरकार जो किमान आकडा दाखवावयास सांगते त्यावर निदान निम्म्याने अधिक हाताशी असावे, म्हणजे पहिल्या हिवाळ्यात लाचारी येत नाही. त्यात घरी पाठवावयाची रक्कम उघडपणे मिळवावी. रुपयाचा भाव उतरेल असे धरून चालावे. तो चढला तर आनंद. कर्ज असेल तर हप्त्याचा रकाना सर्वांत वर लिहावा, खाली नव्हे. एवढे केले म्हणजे जाणाऱ्याच्या हातातील हिशेब पुरा झाला. उरला तो भाग त्याच्या हातात नाही. तेथील घरमालकाच्या, शेजारणीच्या, कचेरीतील सोबत्याच्या हातात आहे, आणि तो येथे बसून भरता येत नाही.

मात्र येथील एक रकाना येथेच भरता येतो. देवस्थानांच्या अग्रशाळा व भक्तनिवास आहेत, ज्ञातीच्या धर्मशाळा आहेत, आणि मुले परदेशी गेल्यामुळे रिकामी पडलेली माडीवरची खोली तर आता घरोघर आहे. बिहारचा, ओडिशाचा, मराठवाड्याचा मुलगा येथील विद्यापीठात शिकावयास किंवा कारखान्यात कामास येतो, तो आगाऊ भाडे हातात घेऊन त्या खोलीची चौकशी करीत जिना चढतो. कित्येक ठिकाणी नोंदवहीत नावापुढे अजून एक रकाना असतो. कित्येक ठिकाणी तो वहीत नसून मालकाच्या जिभेवर असतो. त्यात काय लिहिले म्हणजे खोली मिळते आणि काय लिहिले म्हणजे ती कालच गेलेली असते, हे त्या मुलास जिना चढण्यापूर्वीच ठाऊक असते.